उरलेले धान्य आणि निवडलेली भाजी

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळत असे. अमेरिकेतून आलेली ही ज्वारी. भाकर थापताना चिरा पडत, आणि तव्यावरून उतरलेली भाकर निवली की घशाखाली जात नसे. आमच्या वस्तीतल्या बाया पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहत आणि आपसांत म्हणत, "तिकडं ही जनावरांला घालत्यात म्हणं." बोलणे खरेच होते. अमेरिकेत मिलो मुख्यतः गुरांच्या खाद्यासाठी पिकवली जाते. तरीही रांग मोडली नाही, कारण पोटापुढे दुसरी वाट नव्हती. रांगेतल्या बाईने काय शिजवावे हे तिच्या चुलीपाशी ठरत नव्हते. ते सात समुद्रांपलीकडे ठरून आले होते.

दलित समाजाला हा अनुभव नवा नाही. गावकीच्या कामाबद्दल दारोदार मागून आणलेली भाकर ही हक्काची म्हटली जाई, पण ती असे दुसऱ्याच्या घरात जेवणे उरकल्यावर उरलेली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, तेव्हा ते आहारशास्त्र शिकवीत नव्हते. जो दुसऱ्याच्या उरल्यासुरल्यावर जगतो त्याचे माणूसपणही समाज उरलेसुरलेच मानतो, हे ते सांगत होते.

आज गरिबाला अन्न द्यावे की नाही, या वादात फारसे कोणी उघडपणे नकारार्थी बोलत नाही. खरा वाद पुढे सुरू होतो. दिलेल्या अन्नाची निवड कोणी करायची? देणाऱ्याने की घेणाऱ्याने? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी वाचकांना अमेरिकेतल्या एका साध्या व्यवहाराकडे नेणार आहे: सरकारी अन्नमदतीवर जगणारी बाई शेतकऱ्यांच्या बाजारात जाऊन भाजी विकत घेते, तो व्यवहार. दिसायला तो अगदी किरकोळ आहे. पण तो शक्य व्हायला सत्तर वर्षे लागली, आणि त्या सत्तर वर्षांत काळ्या माणसांच्या लढ्याचा मोठा वाटा आहे. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्याच ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये वस्तीतल्या मुलांना शाळेपूर्वी मोफत न्याहारी देणे सुरू केले होते. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला. त्यांचे भाकरीचे राजकारण मात्र आपण कमी वाचले.

निळी तिकिटे

अमेरिकेतील अन्नमदतीचा जन्म गरिबाच्या भुकेतून जितका झाला तितकाच शेतमालाच्या ढिगातून झाला. १९३० नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. एकीकडे माल सडत होता आणि दुसरीकडे शहरांत बेकार माणसे उपाशी होती. १६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर या शहरात पहिली अन्नतिकिटे वाटली गेली. मदत घेणाऱ्याने आधी स्वतःच्या पैशाने नारिंगी तिकिटे विकत घ्यायची. त्यांवर कोणतेही अन्न घेता येई. प्रत्येक डॉलरच्या नारिंगी तिकिटांमागे पन्नास सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत. पण निळ्या तिकिटांवर सरकारने जादा ठरवलेला मालच घ्यावा लागे. नारिंगी रंगात गरिबाची निवड होती, निळ्यात बाजाराची अडचण. ही योजना १९४३ मध्ये बंद पडली, कारण युद्धामुळे जादा मालही उरला नाही आणि बेकारीही. योजना कोणाच्या सोयीने चालते हे ती बंद कधी पडते यावरून कळते.

हाच हिशेब पुढे देशाबाहेर गेला. १९५४ मध्ये अमेरिकेने पी.एल. ४८० हा कायदा केला आणि आपला जादा गहू परदेशी पाठवायला सुरुवात केली. भारताने १९५६ मध्ये त्यासाठी करार केला. साठच्या दशकात आपल्या रेशनच्या दुकानांतून जो परदेशी गहू आला त्याची आणि रोचेस्टरच्या निळ्या तिकिटाची जातकुळी एकच.

मिसिसिपीचा हिवाळा

अन्न देणारा हात अन्न रोखूही शकतो. १९६२ च्या अखेरीस मिसिसिपी राज्यातील लफ्लोर परगण्यात हे घडले. तिथले काळे शेतमजूर हिवाळ्यात, कापसाचे काम नसताना, सरकारी जादा मालावर जगत. पीठ, तांदूळ, दुधाची भुकटी असा तो शिधा असे. त्याच सुमारास तरुण कार्यकर्ते त्यांना मतदारयादीत नाव नोंदवायला सांगत होते. परगण्याच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी शिधावाटपच बंद करून टाकले. वीस हजारांहून अधिक माणसे, बहुतेक सारी काळी, ऐन थंडीत उपाशी राहिली. उत्तरेकडच्या शहरांतून ट्रकांनी धान्य पाठवले गेले. विनोदी कलावंत डिक ग्रेगरी विमानाने अन्न घेऊन तिथे उतरले. परिणाम कारभाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट झाला. धान्य घ्यायला आलेली माणसे नाव नोंदवायच्या रांगेत उभी राहू लागली. शिधा कोण देते आणि कोण रोखते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. गावाने बहिष्कार घालून पाणी, दळण आणि किराणा बंद केल्याचे प्रसंग ज्यांनी आपल्याकडे भोगले आहेत त्यांना या घटनेचे भाष्य करून सांगण्याची गरज नाही.

१९६४ मध्ये अन्नतिकिटांचा कायदा झाला. पण त्यात एक मेख होती. तिकिटे मिळवण्यासाठी आधी रोख पैसे भरावे लागत. मिसिसिपीच्या परगण्यांनी फुकट शिधा बंद करून तिकिटे आणली, तेव्हा ज्यांच्या हाती महिन्याकाठी रोख रक्कमच येत नव्हती ती कुटुंबे दोन्हींना मुकली. माणशी दोन डॉलर ही रक्कम श्रीमंताला हास्यास्पद वाटेल; नऊ माणसांच्या घरात अठरा डॉलर कुठून आणायचे? एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी मिसिसिपीत आले, त्यांनी उपाशी मुले पाहिली आणि प्रश्न देशाच्या वेशीवर टांगला गेला. तरीही पैसे भरण्याची अट कायद्याने रद्द व्हायला १९७७ उजाडले.

त्याच मिसिसिपीत फॅनी लू हेमर यांनी १९६९ मध्ये फ्रीडम फार्म नावाची सहकारी शेती उभी केली. स्वतः मजुराच्या पोटी जन्मलेल्या, मतदानाच्या हक्कासाठी तुरुंगात मार खाल्लेल्या या बाईने ओळखले होते की ज्याचे जेवण दुसऱ्याच्या कोठारात आहे त्याचे मतही तिथेच अडकते. त्यांच्या शेतीत भाजी पिके, आणि डुकरांची 'बँक' होती. कुटुंबाला मादी मिळे आणि तिची पिल्ले वाढली की काही परत देऊन दुसऱ्या कुटुंबाची सोय होई.

कागद गेला, बाजार तुटला

अन्नतिकिटे छापील होती तोवर शेतकरी ती घेऊ शकत असे. हातगाडीवर टोमॅटो विकणारा माणूस नोटेसारखे तिकीट घेई, पेटीत टाकी आणि नंतर बँकेत वटवी. पण तिकिटांना कलंकही होता. दुकानात ती रंगीत चोपडी काढली की मागच्या रांगेला कळे की ही बाई सरकारी मदतीवर जगते. १९७६ च्या निवडणूक प्रचारात रोनाल्ड रीगन यांनी मदतीवर चैन करणाऱ्या एका बाईची कहाणी सभांतून सांगितली, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ती बाई काळीच उभी राहिली. प्रत्यक्षात ही मदत घेणाऱ्यांत संख्येने गोरेच सर्वांत अधिक आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात काळ्यांचा वाटा मोठा, कारण दारिद्र्यातला त्यांचा वाटा मोठा.

१९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे कागदाऐवजी प्लास्टिकचे कार्ड आणण्याचा प्रयोग झाला, आणि २००४ पर्यंत साऱ्या देशात कार्ड आले. त्याला ई.बी.टी. कार्ड म्हणतात. २००८ मध्ये योजनेचे नावही बदलले. आता ती स्नॅप या आद्याक्षरांनी ओळखली जाते. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी कार्डावर रक्कम जमा होते, आणि खरेदीच्या वेळी गुप्त आकडा दाबला की वळती होते. बँकेच्या कार्डासारखेच दिसत असल्याने रांगेतला कलंक बराच पुसला गेला.

पण सुधारणेची एक किंमत असते आणि ती बहुधा लहान माणूस भरतो. कार्ड वाचायला यंत्र हवे, यंत्राला वीज हवी, टेलिफोनची तार हवी. मोठ्या दुकानांत हे सारे होते. मैदानात तंबू ठोकून आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारात यांतले काहीच नव्हते. गरीब ग्राहक आणि लहान शेतकरी यांच्यामध्ये कागदाचा जो पूल होता तो वाहून गेला.

लाकडी टोकन

तो पूल पुन्हा बांधला गेला तो लाकडी टोकनांनी. युक्ती सोपी आहे आणि कार्यकर्त्यांनी ती नीट समजून घ्यावी. प्रत्येक शेतकऱ्याने यंत्र घेण्याऐवजी साऱ्या बाजाराने मिळून एकच परवाना आणि एकच यंत्र घ्यायचे. बाजाराच्या तोंडाशी एक टेबल असते. बाई तिथे कार्ड देते आणि किती रकमेची खरेदी करायची ते सांगते. समजा, वीस डॉलर. तेवढी रक्कम कार्डावरून वळती होते आणि तिला एकेका डॉलरची वीस टोकने मिळतात. ती घेऊन ती कोणत्याही गाळ्यावर जाते, भाव विचारते, माल निवडते, टोकने मोजून देते. बाजार उठल्यावर शेतकरी जमलेली टोकने टेबलावर परत करतो आणि बाजारसमिती त्याला त्यांचे पैसे देते. उरलेली टोकने बाई पुढच्या आठवड्यात वापरू शकते. आता फोनला जोडायची लहान यंत्रे निघाल्याने काही शेतकरी स्वतःच कार्ड घेतात, तरी टोकनाची पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे.

नियमही समजून घेण्याजोगे आहेत. टोकनावर भाजी, फळे, अंडी, मांस, दूध, पाव घेता येतो; दारू, तंबाखू आणि तिथेच गरम करून दिलेले अन्न घेता येत नाही. सुट्टे पैसे रोख परत मिळत नाहीत. ग्राहक मदतीवर आहे म्हणून तिला वेगळा भाव किंवा वेगळी वागणूक देण्यास कायद्याने मनाई आहे. काही बाजार बँकेच्या कार्डावरही टोकने देतात, म्हणजे टोकन हाती असणे हीच गरिबीची खूण ठरत नाही. आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. १९७३ पासून या मदतीतून भाजीची रोपे आणि बियाणेही घेता येते. मदत खाऊन संपते. मिरचीचे रोप दारात लावले तर पुढे तोड देत राहते.

२००८ मध्ये हे कार्ड घेणारे बाजार आणि थेट माल विकणारे शेतकरी मिळून साडेसातशेच्या आसपास होते. २०१५ पर्यंत त्यांची संख्या सहा हजारांवर गेली.

रस्त्यावर सांडलेली फळे

पूल बांधला तरी खिशात पुरेसे पैसे नसतील तर तो ओलांडून काय उपयोग? स्नॅपची मदत माणशी दिवसाला सरासरी सहा डॉलरच्या आसपास पडते. अशा वेळी पोट भरणारे स्वस्त पाकीटबंद अन्न आधी घेतले जाते आणि ताजी भाजी मागे राहते.

या संदर्भात गस शूमाकर यांची हकीकत सांगितली जाते. १९८० मध्ये ते बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या बाजारात आपल्या शेतकरी भावाला मदत करीत होते. नासपतींची एक पेटी फुटली आणि फळे रस्त्याच्या कडेला घरंगळली. एक बाई आपल्या लहान मुलांसह ती वेचू लागली. ती अन्नतिकिटांवर जगत होती आणि ताजी फळे तिला परवडत नव्हती. शूमाकर पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याचे शेती आयुक्त झाले. १९८६ मध्ये तिथे गरीब मातांसाठी शेतकरी बाजारात चालणारी कुपने निघाली, १९९२ मध्ये केंद्र सरकारने ती देशव्यापी योजना केली, आणि पुढे वृद्धांसाठीही तशीच सोय झाली. भुईवर पडलेली फळे वेचणाऱ्या बाईला पाहून हळहळणारे पुष्कळ असतात. तिला गाळ्यापुढे ताठ उभे राहून "ते नको, हे द्या" म्हणता यावे अशी व्यवस्था करणारे विरळा.

यापुढची पायरी दुप्पट रकमेची. २००९ मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांत 'डबल अप फूड बक्स' नावाची योजना सुरू झाली. कार्डावरून दहा डॉलर खर्च करा, भाजी आणि फळांसाठी आणखी दहा डॉलर मिळतील. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. कारखाने गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, पाठोपाठ मोठी दुकानेही गेली. बहुसंख्य काळी वस्ती मागे राहिली. त्या शहरात दुप्पट रकमेने भाजी घरात आली आणि मिशिगनच्या लहान शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले. २०१४ च्या शेती कायद्याने अशा योजनांना केंद्राचा पैसा मिळू लागला, आणि २०१८ च्या कायद्यात त्या कार्यक्रमाला, आदल्या वर्षी वारलेल्या शूमाकर यांचे नाव देण्यात आले. रोचेस्टरच्या निळ्या तिकिटाशी याची तुलना करून पाहावी. दोन्हीकडे वाढीव रक्कम आहे, दोन्हीकडे शेतकऱ्याचा फायदा आहे. पण निळे तिकीट कोठारात काय साचले आहे ते पाहून चाले, आणि हे टोकन बाईच्या मुलांना काय खायला हवे ते पाहून चालते.

भाबडेपणा नको

या चित्राला भुलून जाण्याचे कारण नाही. स्नॅपवर खर्च होणाऱ्या दर हजार डॉलरांतला एक डॉलरही शेतकरी बाजारापर्यंत पोहोचत नाही. बाकी बहुतेक पैसा मोठ्या दुकानांत जातो. बाजार आठवड्यातून एक दिवस, काही तासच भरतो. त्या वेळी पाळीवर असलेल्या कामगार बाईने यायचे कधी?

दुसरा प्रश्न विकणाऱ्याचा. १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. २०२२ च्या शेतीगणनेत ही संख्या पन्नास हजारांच्याही खाली आहे. कर्ज नाकारून, लिलाव करून, कायद्याच्या फटींतून त्यांची जमीन गेली. सरकारी शेतीखात्याने कर्ज देताना वर्णभेद केला या तक्रारीवरचा मोठा दावा १९९९ मध्ये तडजोडीने मिटला, पण गेलेली जमीन परत आली नाही. म्हणून डेट्रॉइटमध्ये काळ्या कार्यकर्त्यांनी डी-टाऊन नावाचे शेत शहरातच उभे केले. गरिबाच्या हातात टोकन आले एवढ्याने भागत नाही. गाळ्यापलीकडे कोण बसले आहे हेही विचारावे लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. मदतीची चावी अजूनही दुसऱ्याच्याच हाती आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने कामाच्या अटी वयाच्या ६४ व्या वर्षापर्यंत ताणल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून खर्चाच्या मंजुरीअभावी केंद्र सरकारचे कामकाज बंद पडले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची अन्नमदत अडकली. १२ नोव्हेंबरला कामकाज सुरू होईपर्यंत प्रकरण न्यायालयांत घुटमळत राहिले. लफ्लोरचे कारभारी परगण्यापुरते होते. हे देशव्यापी होते.

आपल्या रांगेकडे

आता आपल्याकडे वळू. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्याने एकदा रिकाम्या डब्यात हात घालून पाहावा. पण गहू-तांदूळ म्हणजे जेवण नव्हे. पुण्या-मुंबईत राज्याच्या कृषी पणन मंडळाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवले. शिधापत्रिकेवर तिथे कोथिंबिरीची जुडीही मिळत नाही. ज्या आठवडे बाजारात एके काळी आमच्या माणसांना लांब उभे राहून पदर पसरावा लागे, माल पदरात वरून टाकला जाई, त्या बाजारात आमची बाई हक्काचे टोकन घेऊन वांगी निवडते आहे, हे दृश्य ज्याला क्षुल्लक वाटेल त्याने आपला इतिहास वाचलेला नाही.

मात्र निवडीच्या नावाने धान्य काढून घेण्याचा डाव ओळखला पाहिजे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये देणे सुरू केले. दीडशे रुपयांत निवड कशाची करायची? डेट्रॉइटचा धडा याच्या उलट आहे. तिथे मूळ मदत तशीच ठेवून वर भाजीसाठी रक्कम वाढवली गेली. आपली मागणी अशीच असली पाहिजे: पाच किलोला हात लावू नका, त्यावर डाळ, अंडी आणि भाजी घेण्याचा हक्क द्या, आणि तो हक्क आठवडे बाजारात लहान विक्रेत्याकडे चालू द्या. गावोगावच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाया आहेत, महिला बचत गट आहेत. एका टेबलावर एक यंत्र आणि थोडी टोकने, एवढ्यात त्याचा प्रयोग करून पाहता येतो.

आणि गाळ्यापलीकडे कोण बसणार, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये हजारो भूमिहीन तुरुंगात गेले ते याच प्रश्नासाठी. गायरान कसणाऱ्या माणसाच्या नावावर ती जमीन झाली आणि तिथे पिकलेली मेथी घेऊन तो बाजारात बसला, तर देणारा आणि घेणारा दोघेही आपले होतील.

मिलोची रांग ज्यांनी पाहिली त्या बाया आता थकल्या. त्यांनी लाल भाकरी थापून आम्हांला जगवले, पण "तुम्हांला काय हवे?" असे त्यांना कोणी एकदाही विचारले नाही. त्यांच्या नाती आज अंगठा लावून धान्य घेतात. यंत्र अंगठा ओळखते. तो प्रश्न अजूनही कोणी विचारीत नाही. तो विचारायला भाग पाडणे हे आपले काम आहे.